कधी पडलात, कुठं मोडलं: देवास-धारचे आठ दिवस

कराडहून माणूस देवासला जातो तो टेकडीवरच्या देवीला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मी गेले ती म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या मोडलेल्या हाडांबद्दल विचारायला. परत आल्यापासून गल्लीत प्रत्येकीला हे पहिल्यापासून सांगावं लागतंय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं काय ते वाचून वाचून आलेलं. तेव्हा लिहिताना गप्पांसारखं झालं तर चालवून घ्या. माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

त्याचं असं झालं. माझी भाची रेणू, धाकट्या बहिणीची मुलगी, देवासला हाडांची डॉक्टर आहे. तिनं एक काम हाती घेतलंय. साठीच्या पुढच्या बायकांना विचारायचं, तुमचं हाड कधी मोडलं होतं का, कुठलं, केव्हा. मग दवाखान्यातले जुने कागद काढून बघायचं, बाई सांगते त्यात आणि कागदात कितपत मेळ आहे. मी विचारलं, हा उद्योग कशासाठी? तर म्हणाली, एकदा हाड मोडलं की दुसऱ्यांदा मोडायचा धोका वाढतो. औषध द्यायचं का नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. आणि घरात जुने कागद कुणाकडंच नसतात, सगळी मदार बाईच्या तोंडच्या सांगण्यावर. मग ते सांगणं किती भरवशाचं, हे कळायला नको का?

माझी गरज कशी पडली तेही सांगते. रेणू तिकडंच वाढली, शिकली हिंदीत. मराठी बोलते, वाचताना अडखळते. आणि तिकडच्या जुन्या मराठी घरांतल्या बायका दुखण्याखुपण्याचं हिंदीत बोलत नाहीत. "हिंदीत त्या फक्त भाजीवाल्याशी बोलतात, मावशी. मला बघितलं की म्हणतात, सब ठीक है बेटा, आणि चहा देतात. तू ये ना यार."

मावशीला यार म्हणणारी ती एकटीच. मार्गशीर्ष लागला तशी मी गेले.

देवास

पहिल्या सकाळी पानात पोहे आणि त्याच्या शेजारी गरम जिलबी. आमच्याकडं जिलबी म्हणजे लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर. इथं उठल्या उठल्या. पोह्यात बडीशेप, वरून मूठभर शेव, आणि फोडणी इतकी हलकी की आमच्या ह्यांनी विचारलं असतं, झाली का द्यायची राहिली? मी दोनदा घेतले.

कामाला लागायच्या आधी रेणू म्हणाली, "मावशी, पहिला फॉर्म तुझा."

माझं काय अवघड होतं? बारा वर्षांपूर्वी डावा पाय घोट्यात मोडला होता, पायरी चुकल्यानं. तसं सांगितलं. रेणूनं लिहून घेतलं आणि फोन लावला तो थेट कराडला. आमचे हे म्हणाले, "डावा कसला? उजवा. प्लास्टरवर चढेना म्हणून मी तिच्या उजव्या चपलेचा अंगठा कापला होता. ती चप्पल अजून माळ्यावर आहे, हवी तर बघतो." आणि खरंच स्टुलावर चढून बघितली. उजवीच निघाली. बारा वर्षं मी पाऊस आला की डावा घोटा दुखतो म्हणून शेकत होते.

रेणू हसली नाही. म्हणाली, "मोडलं हे बरोबर सांगितलंस ना. बाजू चुकते लोकांची." त्यानंतर मी बायकांसमोर जरा जपूनच बसायला लागले.

दोन दिवसांत अकरा घरं झाली. शकूताई म्हणून एक होत्या, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "माझं कधी काही मोडलेलं नाही." हे सांगताना कपबशी पुढं केली तो हात मनगटाजवळ चमच्याच्या दांड्यासारखा वाकलेला. मी म्हटलं, "हे काय हो?" तर म्हणाल्या, "हे होय. हे पहलवानानं बसवलं होतं."

तिकडं हाड बसवणाऱ्याला पहलवान म्हणतात. तालमीतला माणूस, तेल लावून ओढतो आणि कामट्या बांधतो. त्याच्याकडं गेलं की ते मोडण्यात जमाच नाही. प्लास्टर लागलं तर मोडलं, अशी तिथली समजूत. रेणूनं फॉर्मवर दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, खुब्याचं हाड मोडलेली बाई सहसा चुकत नाही, ते दुखणं विसरता येत नाही. मनगटाचंही बरंच खरं निघतं. पाठीच्या मणक्याचं मात्र बायकांना माहीतच नसतं. हाड चेपलेलं असतं आणि बाई म्हणते कंबर धरलीय.

सोनकच्छ

तिसऱ्या दिवशी भोपाळच्या रस्त्याला सोनकच्छला गेलो. धान्याच्या मंडीच्या मागं दोन घरं होती. ट्रॉल्या लागलेल्या, सोयाबीनचे ढीग, आणि रस्त्यावर सांडलेले दाणे. त्या दाण्यांवरून माझा पाय सरकला आणि मी भर मंडीत बसकण मारली. एक मालवी बाई धावत आली, "माजी, लागी तो नी?" मला धरून उठवलं, पदरानं लुगडं झटकलं आणि वर रेणूलाच रागावली की म्हातारीचा हात धरून चालता येत नाही का. आमचा गाडीवाला भिया, तिकडं भैयाला भियाच म्हणतात, पाणी घेऊन आला. लागलं काही नव्हतं. पण गाडीत बसल्यावर रेणू शांतपणे म्हणाली, "तारीख लिहून ठेव. आणि बाजू."

त्या संध्याकाळी मी माझ्या डायरीत लिहिलं: सोनकच्छ, मंडी, पार्श्वभागावर पडले, मोडलं नाही. लिहिलेलं बरं.

धार

चौथ्या दिवशी धारला पोचलो. गाव मला आवडलं. वर किल्ला, खाली तळी, आणि तळ्याच्या कडेनं संध्याकाळी निवांत फिरणारी माणसं. चौकात गराडू तळत होते. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, थंडीतच मिळतो. तुकडे करून लाल होईपर्यंत तळायचे आणि वर मसाला आणि लिंबू. आमच्याकडं कंद म्हटला की उपासाचा. इथं चाटच्या गाडीवर.

खाता खाता रेणूनं मला अक्कासाहेबांचं सांगितलं. खरं तर आम्ही धारला आलो ते त्यांच्यासाठीच.

अक्कासाहेब एक्क्याऐंशी वर्षांच्या. सासरे पूर्वी संस्थानात कामदार, म्हणजे कारभारी होते. यजमान गेल्यापासून धारला वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. मुलगा सतीश इंदूरला नोकरीला. दिवाळीत रेणू त्यांच्याकडं गेली होती तेव्हा त्यांनी सांगितलं, चार वर्षांपूर्वी श्रावण वद्य पंचमीला उजवं मनगट मोडलं, अमक्या दवाखान्यात प्लास्टर झालं. रेणूनं तिथली नोंदवही बघितली. त्या दिवशी नाव नाही. आठवडा पुढं, आठवडा मागं, कुठंच नाही. घरचे कागद रंगकामात गेलेले. ज्या शेजारणीनं दवाखान्यात नेलं, ती वारली. म्हणून रेणूनं फॉर्मवर लिहिलं, कागदात सापडलं नाही.

"तिथंच मी गडबड केली, मावशी. सतीशदादांना फोन केला, तुमच्याकडे काही पेपर आहे का म्हणून. त्यांना तेवढंच पुरलं."

सतीशला आधीपासून काळजी होती. आई पडली तेव्हा तो जबलपूरला होता. साथीचे दिवस. आईनं त्याला सांगितलं ते दीड महिन्यानं, प्लास्टर निघाल्यावर. म्हणजे त्यानं प्लास्टर डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. आता नोंदही नाही म्हटल्यावर त्यानं ठरवलं, आईला आठवत नाही, लचकलेलं असेल आणि ती मोडलं म्हणते. इंदूरला आपल्या घरातली मागची खोली त्यानं रिकामी केली होती. धारचं घर भाड्यानं घ्यायला माणूसही बघून ठेवला होता. संक्रांतीनंतर आईला न्यायचं.

"आणि त्या काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, मी खोटं बोलत नाही. बस, एवढंच."

रेणूनं पुढचे गराडू काही खाल्ले नाहीत. मीच संपवले.

अक्कासाहेबांकडे

दुसऱ्या दिवशी गेलो. बारीक चणीची बाई, नऊवारी, अंगणात तुळस आणि कुंपणाला आघाडा माजलेला. मला म्हणाल्या, "यावं. कऱ्हाडच्या का आपण? तिकडलं मराठी ऐकून पुष्कळ दिवस झाले. बसावं." रेणूकडं बघून मान हलवली फक्त. माझ्यासाठी भुट्ट्याचा कीस केला होता, दुधात शिजवलेला, वर खोबरं. मी कृती विचारली, त्यांनी माझ्या हातात किसणीच दिली. सुनेला शिकवावं तसं.

खाऊन झाल्यावर मी विचारलं. फॉर्म हातात घेतला नाही. बायकांना तारीख विचारू नये, त्या वेळी काय चाललं होतं ते विचारावं, हे मी देवासच्या अकरा घरांत शिकले होते.

"पडलात तेव्हा काय करत होतात, अक्कासाहेब?"

"जिवतीला आघाडा आणि दुर्वा हव्या होत्या. तिसरा शुक्रवार. त्या कुंपणाशी शेवाळ होतं. पडले ती हातावर. हात असा लोंबला. तरी पूजा केली डाव्या हातानं, मग शेजारणीस हाक मारली."

"पूजा करून मग दवाखान्यात?"

"जिवती भिंतीवर लावलेली. तिला तशीच ठेवून जायचं?"

मी रेणूकडं वळले. "तू कुठली तारीख धरलीस?"

तिनं फोनवर दाखवली. जुलैच्या शेवटची.

"अगं, जुलैच्या शेवटी जिवती कुठून येणार? तेव्हा आषाढ चालू असेल. त्या साली गटारी तरी झाली होती का?"

"गटारी काय असतं?" रेणूनं विचारलं. अक्कासाहेब पहिल्यांदा हसल्या.

मग मी विचारलं, पंचमी काढलीस कशावरून? तर तिच्या देवासच्या स्वयंपाकघरात जे हिंदी कॅलेंडर टांगलंय, त्याच प्रकारचं फोनमध्ये बघून. सावन, कृष्ण पंचमी. आता माझ्या लक्षात आलं. उत्तरेकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य लागलं की त्यांचा महिना एक घर पुढं गेलेला असतो. आपण अजून श्रावणात, तर त्यांचा भादो लागलेला. तेव्हा अक्कासाहेबांची श्रावणातली वद्य पंचमी हिंदी कॅलेंडरात सावनमध्ये शोधली, तर सापडते ती बरोबर एक महिना आधीची. तीन पिढ्या माळव्यात काढूनही त्यांच्या घरात महिना अमावास्येलाच संपतो, कारण जिवती, मंगळागौर, गौरी-गणपती सगळं त्यावर. आणि त्याच माळव्यात वाढलेल्या रेणूच्या घरात पौर्णिमेला संपतो, कारण शाळेत तसंच शिकवलं. दोघी मराठी, दोघी आपापल्या जागी बरोबर.

रेणूचा चेहरा पडला. "अक्कासाहेब, माझी चूक झाली. सॉरी."

"तुझी कसली? ज्याच्या भिंतीवर जे कॅलेंडर." मग म्हणाल्या, "परंतु हे तू सतीशला सांग. माझं सांगणं तो आता ऐकत नाही. मान हलवतो नुसती."

दुपारी दवाखान्यात गेलो. नोंदवही सांभाळणारे गृहस्थ भले. म्हणाले, "ऑगस्ट का अंत? बैठिए." पान उलटलं आणि बोट ठेवलं. अक्कासाहेबांचं नाव, वय, उजवं मनगट, प्लास्टर. शुक्रवार. मी त्या ओळीकडं बघत राहिले. माझा स्वतःचा घोटा मला धड सांगता आला नव्हता.

रेणूच्या कामात सगळ्या बायकांच्या पाठीचा एक एक्स-रे असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कासाहेबांना घेऊन गेलो. उंची मोजली. त्या म्हणाल्या, पाच फूट एक इंच. भरली चार फूट अकरा. "पट्टी नीट धर," त्यांनी रेणूला बजावलं. पुन्हा मोजली. तेवढीच.

एक्स-रे आला आणि रेणू बराच वेळ तो उजेडाकडं धरून बसली. मग आम्हा दोघींनाच बाजूला घेऊन सांगितलं. पाठीतला एक मणका चेपलेला होता. जुना. कधीचा ते सांगता येत नाही.

"मी तर कधी पडले नाही पाठीवर."

"पडावं लागत नाही. बादली उचलताना पण होतं. बऱ्याच जणींना कळत पण नाही."

"दुखलंही नाही?"

"कंबर धरली असेल कधी."

"कंबर तर रोज धरते. वयच तसं."

रेणू म्हणाली, औषध आहे, सुरू करू. जड उचलायचं नाही. आणि मग आवाज खाली घेऊन, "अक्कासाहेब, हा तुमचा कागद आहे. सतीशदादांना मी काही सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं ते चुकलं. तुम्ही ठरवा."

अक्कासाहेबांनी पाकीट पिशवीत टाकलं. गाडीतून उतरताना मला म्हणाल्या, "जेवून जावं. बाफले केलेत." आम्ही जेवलो. आमच्याकडं वरणात चपातीचे तुकडे घालून शिजवतात, हे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. अक्कासाहेबांनी आम्हाला आग्रह करून वाढलं, पण स्वतः अर्धाच खाल्ला.

सतीश

आमचा निघायचा दिवस. सतीश सकाळीच इंदूरहून आला. पन्नाशीचा, डोक्यावर विरळ केस, आईसारखाच बारीक. आल्या आल्या न्हाणीघरात जाऊन फरशी ओली आहे का ते बघून आला. माणूस वाईट नव्हता, हे मला तिथंच कळलं.

रेणूनं त्याला नोंदवहीतून उतरवलेली ओळ दाखवली आणि महिन्यांचा घोळ समजावून सांगितला. त्यानं दोनदा वाचलं.

"मतलब आईनं सांगितलं ते सगळं बरोबर होतं?"

"तिथी, हात, दवाखाना. सगळं."

तो खुर्चीवर बसला. "आई, माफ कर. मला वाटलं तुला याद राहत नाही."

"तुला कॅलेंडर याद राहिलं नाही," अक्कासाहेब म्हणाल्या. "चहा घे."

चहा घेता घेता तो मला म्हणाला, "काय आहे ना मावशी, मला भीती एकच. ही पडली तर मला कळणार कसं? मागच्या वेळी दीड महिना कळलं नाही. म्हणून हट्ट धरला होता. चलो, आता डोकं ठीक आहे म्हटल्यावर मी कोण नेणारा? त्या भाडेकरूला नाही म्हणून सांगतो." आणि त्यानं खिशातून फोन काढला.

रेणूनं माझ्याकडं बघितलं. मी कपात बघितलं. झालं होतं, घर राहिलं होतं. आता कुणी काही बोलायची गरज नव्हती.

"थांब जरा," अक्कासाहेब म्हणाल्या.

आत गेल्या आणि पिशवीतलं पाकीट घेऊन आल्या. सतीशच्या हातात दिलं. "माझ्या पाठीतला मणका मोडलेला आहे. कधी मोडला ते मला ठाऊक नाही. काल कळलं."

सतीशनं फोन खाली ठेवला. एक्स-रे काढून धरला, उलटा. रेणूनं सरळ करून दिला आणि बोटानं जागा दाखवली. बाहेर एक शेजारीण कुंपणावरून डोकावून, पाहुणे बघून, परत गेली.

"मग तर तुला एकटीला कसं ठेवू, आई?"

"तेच म्हणणार होतास, मला माहीत होतं."

"रेणू, हे मला तू सांगणार होतीस का?"

"नाही, दादा."

"म्हणजे आई बोलली नसती तर मला कळलंच नसतं."

"नसतं," रेणू म्हणाली.

तो आईकडं वळला. "मी फोन लावत होतो. तू गप्प बसली असतीस तर विषय संपला होता. का सांगितलंस?"

अक्कासाहेब त्याच्या समोर बसल्या. पाठ ताठ करायला गेल्या, मग उशी ओढून टेकल्या. "मागच्या वेळी दीड महिना लपवलं ते माझं चुकलं. तू त्या साथीत जबलपूरहून धावत आला असतास म्हणून नाही सांगितलं. परंतु चुकलं. आता तू विचारतोस, पडले तर तुला कळणार कसं. असं कळणार. मी सांगणार. त्याच दिवशी."

सतीशनं एक्स-रे पाकिटात घालायचा प्रयत्न केला, तो जाईना. शेवटी मांडीवरच ठेवला. मग उठून पुन्हा न्हाणीघरात गेला आणि आतूनच विचारलं, "इथं भिंतीला धरायला दांडा लावला तर चालेल?"

"चालेल. कुंपणाजवळही एक लाव."

"आणि बादली कामवाली भरेल. तू नाही."

"बरं."

"रोज सकाळी फोन."

"आठला. त्याआधी पूजा असते."

तो बाहेर आला, ओले हात पँटला पुसले आणि फोन लावला. अक्कासाहेब कपबश्या गोळा करायला वाकत होत्या, तर त्यानं हातानं त्यांना थांबवलं आणि स्वतः त्या उचलल्या. फोन खांद्यात धरून, तशाच अवघडलेल्या मानेनं म्हणाला, "भाईसाहब, वो धार वाला मकान हम नहीं दे पाएँगे. नहीं नहीं, किराये की बात नहीं. उसमें हमारी माताजी रहती हैं."